बांधावरचा ओक

गुदामात सात खुर्च्या. त्यातल्या दोन
एकमेकींपासून जितक्या लांब नेता येतील तितक्या लांब.
एकीवर मॅलॅकी तूही, टोपी गुडघ्यावर.
दुसरीवर धाकटा भाऊ फिन्टन,
भिंतीवर चढलेली काळी बुरशी वाचत बसलेला.

एकवीस वर्षं बोलणं नाही.
कारण एवढंच : दोघांच्या कुरणांमधल्या बांधावर
एक ओक उभा होता,
आणि आपण कुणाचे हे त्याने कधी सांगितलं नाही.
वकिलांनी त्याच्यावर बरंच खाल्लं. शेवटी विकला.
पैसे निम्मे निम्मे, दोन वेगळ्या चेकांवर.

मी पिंपं बांधतो.
चाळीस वर्षं जाळावर फळ्या शेकून
नाक माझं केव्हाच गेलं.
इतरांना कसला वास आला ते
मी त्यांच्या भुवयांवरून ताडतो.

तो बुंधा करवतीवर चढवला
तेव्हा पातं किंचाळलं, दोन दात गेले.
आत एक खिळा, कुंपणाचा, बोटभर.
भोवतीचं लाकूड निळंकाळं,
दौत सांडावी तसं.
ओकाला लोखंड सोसत नाही.
पण तो ते थुंकूनही टाकत नाही,
वर्षाला एक कडं, असं गिळत राहतो.
मी कडी मोजली. सतरा.
मग फळ्या दोन वर्षं पावसात वाळल्या
(आमच्याकडे वाळवणही पावसातच होतं),
मग दोन वर्षं आत व्हिस्की.
बेरीज तुम्हीच करा.

डागाळलेल्या तीन फळ्या शेगडीत गेल्या.
बाकीच्यांचं पिंप झालं.
बारा वर्षं अमेरिकन लाकडात नांदलेली व्हिस्की
त्यात ओतली तेव्हा
ते रात्रभर कुरकुरत होतं. एवढं मात्र मला ऐकू येतं.

सॉर्चा, जिचं हे सगळं गुदाम, म्हणाली :
ग्लास तळहातात धरा. घाई नको.
ओठ जरा उघडे ठेवून हुंगा, नाहीतर नुसती झोंबेल.
कॉर्कहून आलेल्या मास्तरांना
नुकतीच टोक केलेली पेन्सिल सापडली.
कुणाला लवंग. कुणाला जळका गूळ.
एका बाईंना वडिलांचं खोगीर,
आणि मग त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत.

फिन्टनने घोट घेतला. गालात धरला.
गिळला, आणि ग्लासालाच सांगावं तसं पुटपुटला :
"ओलं फाटक."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून,
तेही ग्लासालाच :
"वरचं. खालचं नव्हे.
खालच्याला बाबांनी डांबर लावलं होतं."

सॉर्चाच्या हातातला जग हवेतच थांबला.
मास्तर पेन्सिलीबद्दल पुन्हा काही सांगू पाहत होते,
त्यांना कुणीतरी चिमटा काढला.
फिन्टन हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.
दोन थेंब पाणी घातलं, आणि पुन्हा हुंगत बसला,
बराच वेळ, डोळे मिटून.

निघताना दारात मॅलॅकीने मला अडवलं.
"खिळा निघाला का त्यात?"
निघाला.
"कुणाच्या बाजूने?"
खिळा माझ्या खिशात होता, किल्ल्यांबरोबर.
काय वाटलं कोण जाणे, दाखवला नाही.
पिंपाला बाजू नसते, म्हटलं.
त्याने टोपी डोक्यावर दाबली.
"तुला नाक नाही तेच बरंय."

बाहेर भुरभुर. दोघांच्या मुली गाड्या घेऊन आलेल्या,
म्हातारे मागच्या सीटवर, काचा बंद.
फाटकाशी दोन्ही गाड्या एकदमच पोचल्या
आणि थांबल्या. वाट एकाच गाडीपुरती.
मी पावसात उभा राहून पाहत होतो.
हिचा वायपर, तिचा वायपर.
कुणीच आधी निघेना.