चाळीस कबुतरं

फहाहीलला, मासळीबाजाराच्या मागे
पक्ष्यांच्या दाण्याचं एक दुकान आहे.
मालक जवाला शईर म्हणतो. मला शाहीर ऐकू आलं.
मग त्याने विचारलं, हमाम किती?
मी म्हणालो, एकच. तिघांत मिळून.
तो इतका हसला की पिंजऱ्यातले लव्हबर्ड बिचकले,
आणि दोन्ही हात पंखांसारखे हलवून त्याने
कबुतर दाखवलं.
इंत्रू तुस्कानो पुढे झाला. चाळीस, म्हणाला.
चाळीस कबुतरं, गच्चीवर.
खोटं बोलताना त्याला आकडा लगेच सुचतो.

ऑगस्टात इथे गार पाण्याचा नळ पोळतो,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि गरम नळाचं पाणी घ्यायचं, ते गार असतं.
नव्या माणसाला हे सांगताना दरवेळी आपणच वेडे वाटतो.
त्या पाण्यात आठ तास जव बुडवले,
आठ तास निथळत ठेवले, परत बुडवले.
मग माझ्या खोलीत, एसी अठरावर,
चादरीवर पसरले. चादर माझी. मी सोफ्यावर.

सकाळी सहा मी, दुपारी दोन तेंडोलकर,
रात्री दहा इंत्रू. रिफायनरीत असते तशीच पाळी.
दर पाळीला हात घालून उलथायचं,
नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात, खालचा थर तापतो.
खरंच तापतो. अंधारात हात घातला
तर झोपलेल्या पोराच्या पोटाइतका.
तेंडोलकर पीत नाही, पण त्याने एक पाळी चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी खोलीभर काकडीचा वास.

इंत्रू रोज एक दाणा नखाने उभा चिरायचा.
सालीखालून कोंब वर सरकत असतो, बाहेरून दिसत नाही.
पाऊण दाण्याशी आला की थांबवायचा,
पुढे गेला तर सगळी गोडी तोच खातो.
उसळीच्या मटकीचं वेगळं, तिथे लांब मोडांचं कौतुक.
इथे मारायची वेळ कळावी लागते.
मारायची, असंच म्हणाला तो,
आणि मी काही न बोलताच: म्हणजे, वाळवायची.

दोन दिवस गच्चीवर. ऊन असं की पत्र्याचा ट्रे
फडक्याशिवाय उचलवेना.
शेवटी ओव्हन, दार बोटभर उघडं.
उशीच्या अभ्र्यात घालून चोळलं,
मुळं गळाली, बेसिनातल्या दाढीसारखी.
एक दाणा दाताखाली फोडला. आधी भुसा,
मग गोड, कुणी न घातलेलं गोड.
मला हे चालतं, तेंडोलकर म्हणाला,
आणि वाटीभर काढून हॉर्लिक्सच्या बरणीत भरलं.

यीस्ट आणायच्या आदल्या रात्री बिल्डिंगमध्ये तपासणी आली.
आमच्यासाठी नव्हती.
दिवा न लावता आम्ही ऐकत बसलो:
बूट वर गेले. बराच वेळ काही नाही. बूट खाली आले,
मधे एक पाऊल अनवाणी.
चौथ्या मजल्यावर त्याच्या चपला दाराशी तशाच होत्या.
नाव आम्हाला माहीत नव्हतं. लिफ्टमध्ये तो
नेहमी आधी आमचा मजला दाबायचा.

पहाटे इंत्रूने अभ्रा गच्चीवर नेला
आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये उलटा केला.
डिशच्या मागून, समुद्राच्या बाजूने,
कुठूनकुठून ती आली. करडी, एक पांढरी,
एका पायात कुणाचीतरी निळी कडी.
मी मोजली. तेवीस.

इंत्रू टाकीला टेकून बसला होता, रिकामा अभ्रा खांद्यावर.
थांब, म्हणाला. अजून सतरा यायचीत.