मानमोडी

गळ्यात पट्टा. डॉक्टरीणबाईंचा हुकूम :
पंधरा दिवस वर बघायचं नाही, खाली बघायचं नाही,
वळायचं तर अख्खं वळायचं,
कपाट सरकवतात तसं.
म्हणून मी गॅलरीत, प्लास्टिकच्या खुर्चीत,
समोर असेल ते बघत.

समोर शेवगा होता.
म्हणजे शेवग्याचं उरलेलं :
जुलैच्या वाऱ्यात वरची फांदी गेली,
राहिलेल्या खोडाला वाळवी, मुंग्या,
आणि सोसायटीच्या सभेतला ठराव क्रमांक चार,
'सदर झाड काढून टाकावे.'
सूचक तोंडवळकर. अनुमोदक आमचेच हे.

अकरा हिवाळे हिला शोधलंय मी.
भांडुपच्या पंपिंग स्टेशनला पहाटे साडेपाचला,
एक चप्पल कायमची चिखलात ठेवून.
उरणला, ग्लॅडिसच्या भावाच्या खटारा व्हॅनमधून.
येऊरला, नागल्याला.
दर ठिकाणी तेच :
'आत्ता होती की! दहा मिनिटं आधी यायचं ना.'
एकदा एका कॉलेजच्या पोरानं
कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवली, नखाएवढी,
आणि वर म्हणाला, 'काकू, नेहमी दिसते हो.'
त्या नेहमीत मी कधीच नव्हते.

टेलिफोनमध्ये ट्रंक बुकिंगला होते मी.
'थांबा, लाइन लागतेय' म्हणत
लोकांना थांबवायची सवय.
स्वतः थांबायची नंतर लागली.

आज बुधवार. सव्वाआठ.
खोडाचा एक तुकडा हलला.
वाटलं, साल सुटतेय.
मग त्या सालीला डोळा आला.

राखाडी, तपकिरी, त्यात शाईचे फराटे,
मानेपासून पाठीवर उतरलेली एक गडद रेघ,
आणि ती मान!
उजवीकडून मागे, मागून वर, वरून पुन्हा खाली,
ओल्या फडक्याचा पीळ सुटावा तशी,
आत हाड म्हणून नसल्यासारखी.
इकडे माझी,
फोमच्या पट्ट्यात, वेलक्रो लावून बंद.

दुर्बीण कपाटावर. फोन आत, चार्जिंगला.
उठले असते तर खुर्ची करकरली असती.
ह्यांना हाक मारली असती
तर चपला फटफटवत आले असते,
'काय झालं? मान?' म्हणत.
नुसती बसले.
श्वास घेत होते, तोही उसना घेतल्यासारखा.

जीभ बाहेर आली. किती लांब, बाई!
भेगेत गेली, आली, गेली,
दर खेपेला काळे ठिपके चिकटलेले.
ज्यांच्यासाठी मी या घरात
उंबऱ्याउंबऱ्याला खडूच्या रेघा मारल्या,
साखरेचे डबे पाण्याच्या ताटलीत उभे केले,
ज्यांच्यावरून तोंडवळकर वहिनींशी
तीन महिने बोलणं बंद होतं,
त्याच ह्या मुंग्या.

चार मिनिटं. कदाचित तीन.
मोजायला मन जागेवर नव्हतं.
खाली गॅसवाल्यानं सिलिंडर आपटला
आणि साल पुन्हा साल झाली.

पुरावा काही नाही.
ग्लॅडिसला फोन केला. ती म्हणाली,
'शरयू, नक्की? चिमणीची मादी नव्हती ना?'
मी सांगितलं, मान.
पलीकडे बराच वेळ नुसता तिचा मिक्सर.
मग म्हणाली, 'उद्या आठला येते. पोहे कर.'

वही काढली.
तारीख, वेळ, हवा, संख्या : एक.
ठिकाणाच्या रकान्यात इतकी वर्षं
खाड्या, डोंगर, बसचे शेवटचे थांबे.
आज लिहिलं : कन्नमवार नगर, गॅलरी.
अक्षर थोडं वाकडं आलं,
खाली बघायचं नाही ना.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं,
'शेवग्याच्या बुंध्याशी साखर कुणी टाकली?'
मी अख्खी वळले, कपाटासारखी,
आणि म्हटलं,
'तो ठराव क्रमांक चार.
मागे घ्यायला किती सह्या लागतात?'