डोळा

समिती दहाला येणार होती, आली पावणेदोनला.
तोवर उणे ऐंशीच्या फ्रीजरचा आकडा तीनदा पाहिला,
जनरेटरमधलं डिझेल काडी बुडवून मोजलं,
आणि झडपेतून अजून निघणारी रुई
ओल्या फडक्यानं टिपली.
इमारत जिनिंगची. मशिनी भंगारात गेल्या,
रुई राहिली. पंखा लावला की एखादा तंतू
मायक्रोस्कोपवर येऊन बसतो,
जुन्या मालकासारखा.

चौघं होते. एक खुर्च्या मोजत होता.
एकीनं विचारलं, ग्रंथालय?
कोहळे मॅडमनी कपाट उघडलं.
तिसऱ्यानं मेडिकल कॉलेजपासूनचं अंतर विचारलं.
अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, मी म्हटलं, दाखला जोडलाय.
"आणि पावसाळ्यात?"
तो माणूस मला आवडला.
पावसाळ्यात, सर, चुडामणला पूर असला
की अंतर नसतं. नुसतं थांबणं असतं.

प्रस्ताव मीच टाइप केला. दोनशे चौदा पानं, सात प्रती.
संलग्न, संलग्नता, संलग्नीकरण.
शेवटी बोटं आपोआप तिकडंच जायची,
मामाच्या पोराच्या पत्रिकेतसुद्धा
"लग्न"च्या आधी "सं" पडला.

आदल्या रात्री बाबांनी विचारलं,
"संलग्न मंजे काय व, बाई?"
जोडनं, मी म्हटलं. आपली संस्था त्यांच्या कॉलेजले जोडाची.
तिथले पोट्टे इथं शिकतीन,
इथलं काम तिथल्या नावानं छापून येईन.
भाकरीचा तुकडा बाबांच्या हातातच राहिला.
"मंग खुंट कोनाचा, अन् डोळा कोनाचा?"

एकतीस हंगाम शेंदूरजन्याच्या नर्सऱ्यांत
त्यांनी जंबेरीवर संत्र्याचे डोळे बांधले.
पेन्सिलीएवढा खुंट, सालीला चीर,
पात्याच्या टोकानं आत सरकवलेला डोळा,
वरून पट्टी. एकवीस दिवस हात लावायचा नाही.
हिरवा राहिला तर लागला.
मग वरची जंबेरी छाटायची.
"जमिनीतून पानी तेच वढते जलमभर," बाबा म्हणाले,
"पन बजारात नाव घेतलं काय तिचं कोनं?"

चौथा माणूस फ्रीजरपाशीच थांबला होता.
सहा हजार तीनशे बारा नळ्या.
सिकलसेलच्या घरांतलं रक्त,
सातपुड्याच्या पायथ्याच्या ढान्यांवरून
बर्फाच्या डब्यात, मोटारसायकलवर आणलेलं.
परिशिष्ट नऊमध्ये त्याला "नमुने" म्हणतात.
०४१७ मी स्वतः काढला: सुगंती भलावी, वय दहा.
सुई निघाल्यावर तिनं विचारलं होतं,
"हे वापस कधी देता?"

मॅडमनी कलम सातवर बोट ठेवलं:
सर्व शोधनिबंध महाविद्यालयाच्या नावे.
"यात गावांची नावं घालता येतील?"
"तसा रकाना नाही," खुर्च्या मोजणारा म्हणाला,
वाईट वाटून म्हणाला, हेही खरं.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
दुसरा फ्रीजर, शिकाऊ डॉक्टर, फुकट औषध,
सगळं त्या सहीच्या पलीकडं उभं होतं.
सही केली.

निघताना संत्र्यांची पिशवी पुढं केली.
"नियमात बसत नाही," म्हणत
चौघांनी दोन-दोन घेतली.

पत्र चाळिसाव्या दिवशी आलं.
तात्पुरती संलग्नता, एक वर्ष.
बाबांनी कागद उलटापालटा केला,
कुलसचिवांच्या सहीची शाई नखानं खरवडली.
"हिरवा हाये," म्हणाले.

आमच्या परसात एक झाड आहे,
त्याची बुडातली फूट बाबांनी कधी कापली नाही.
अर्ध्या अंगाला संत्री, अर्ध्या अंगाला जंबेरी,
जाड सालीची, दात आंबवणारी.
माहीत असून का ठेवली, सांगत नाहीत.

मंगळवारी ढान्यावर जायचंय.
सुगंतीला सांगावं लागेल, तिचं रक्त
आता विद्यापीठाला संलग्न आहे.
ती विचारेलच.
डब्यात बर्फ भरलाय. वर
चार जंबेऱ्या टाकल्यात.