पाचवा प्रश्न

ग्वाल्हेरच्या जनकगंजात, दवाखान्याच्या जिन्याखाली माझी खुर्ची.
वजन, बीपी झालं की माणसं आधी माझ्याकडे येतात,
मग डॉक्टरांकडे.
कागदावर सात प्रश्न. छापील, नम्र.

महिनाभर मी ते होते तसेच वाचले.
गेल्या महिन्यात घरात अन्न कमी पडलं का?
सगळे म्हणाले, कृपा है.
हातात पेन असलेल्या बाईला
उपाशी असल्याचं कोण सांगेल?
मग पेन ओढणीखाली ठेवून विचारू लागले,
काल रात्री भाजी कसली होती?
तेव्हा कुठे कुणी कुणी भिंतीकडे बघू लागलं.

रामसनेही गजक कुटतो. थंडीचे चार महिने.
उरलेले आठ, मिळेल ते.
साखर तीनशेच्या खाली येईना.
किंजवडेकर डॉक्टरांनी दोनदा इन्शुलिन वाढवलं,
तिसऱ्यांदा वाढवणार होते.
मी विचारलं, बाटली ठेवता कुठे?
शेठच्या फ्रिजमध्ये.
आणि शेठ?
होळी झाली की दुकान बंद करून मुरैन्याला.
मग?
तिळाच्या रिकाम्या डब्यात.
झाकण घट्ट आहे, म्हणाला.

बाहेर शेहेचाळीस.
घरचं मीटर चैत्रापासून कापलेलं.

माझ्या वहीत अकरा नंबर आहेत.
चार नुसते वाजत राहतात,
एक आता कुणा मांडववाल्याचा झालाय.
वीज कंपनीत तिसऱ्या खेपेला हप्ते करून मिळाले,
पण पहिला भरल्याशिवाय तार जोडणार नाहीत.
कलावती शाक्यची पेन्शन अजून अंगठ्यापाशी अडली आहे,
भांडी घासून घासून रेघाच उरल्या नाहीत तिच्या बोटांना.
तिला मी दर मंगळवारी सांगते, होईल.

तोवर रामसनेहीसाठी कुंभाराकडून दोन मडकी आणली,
एकात एक, मधे रेती, रेती ओली.
वहीत लिहिलं: जोडणी झाली.

परवा टेकरीवर त्याच्या घरी गेले.
सून रेतीवर पाणी घालत होती,
वाटीनं, मोजून.
शेजारी पोरगं पेला धरून उभं,
आपली पाळी यायची वाट बघत.
टँकर एक दिवसाआड येतो, म्हणाली,
पण बाबूजींची शीशी थंड असते, हात लावून बघा.

मी हात लावला. थंड होती.

पाचवा प्रश्न पाण्याचा आहे.
त्याच्या कागदावर, माझ्याच अक्षरात,
पुरेसं.