उणे एक

कलिनाच्या वर्गात, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात,
जिथं कालचं कुणाचं तरी सिग्मा नीट पुसलं गेलं नव्हतं,
दमणिया मॅडमनी पाच चौकोन काढले.
म्हणाल्या, सरासरी नऊ. भरा आता, हवं ते.
मागून कुणी चार म्हणालं, कुणी बारा,
रुबेननं पंधरा, मी अकरा.
पाचव्यासाठी अजून हात वर होते.
मॅडमनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.
तीन लिहिला, बोटांवरची भुकटी फुंकली.
"याला मत नसतं," म्हणाल्या,
"म्हणून भागायचं ते एन वजा एकनं."
सगळ्यांनी वहीत उतरवलं. मीही.

ग्रंथालयातल्या जुन्या परिभाषाकोशात शब्द सापडला:
स्वातंत्र्य-कोटी.
घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, किती कोटी?
पाच जणांत चार, म्हटलं.
म्हणजे इथंही एक कमीच पडला, असं म्हणून
ते स्वतःच्याच कोटीवर हसले.
ताई हसली नाही.
तिच्या दातांत चिमटा होता.

इमिटेशनच्या टॉप्सवर खडे बसवते ती.
एकशे चव्वेचाळीस टॉप्स म्हणजे एक ग्रोस,
भाव ग्रोसला. एकही कमी भरला
तर शेठ अख्ख्या ग्रोसचे कापतो.
गोंदाचा वास चुनाभट्टीच्या आमच्या खोलीत
भाताच्या वाफेलाही लागलेला असतो.

पप्पांना रात्रपाळी सोडायची होती, सुटली.
आईची भिशी चालू राहिली.
निनादला क्लास. मला एम.एस्सी.
आणि बेरीज तर तीस तारखेला
शून्यावर यायलाच हवी होती.
ताईचं बारावीच्या पुढचं काही
कुणी हिसकावून घेतलं नाही.
वजाबाकीतून ते आपोआप आलं,
तीनसारखं.

पण सूत्र मी चारदा वाचलं.
शेवटचा म्हणजे कोण, ते त्यात कुठंच नाही.
कुठलाही एक चालतो. मधला धरा, पहिला धरा,
गणिताला त्याचं काही नाही.
डावीकडून भरत जायची सवय आपल्या हाताला.

आणि ताई तर थोरली.
डावीकडून पहिली.
ती शेवटच्या चौकोनात
पोचली कधी?

सोमवारी इन्फरन्सचा पेपर, शनिवारी संध्याकाळी
मी तिच्या पाटावर बसले, चिमटा घेतला,
म्हटलं, जा.
कुठं?
ते मला ठाऊक नव्हतं.
ओढणीवरचा सुकलेला गोंद खरवडत ती
दारापर्यंत गेली, परत आली,
गॅस बंद आहे ना पाहिलं, आणि गेली.

साडेनऊला आली. कुठं होतीस ते मी विचारलं नाही.
आल्या आल्या टॉप्स मोजायला बसली,
दोन-दोनच्या जोड्या बोटानं सरकवत,
ओठ न हलवता.

"एकशे त्रेचाळीस," म्हणाली. "एक कमी आहे."
जीभ तिची जांभळी झालेली,
काला खट्टानं.