पहिली पाठ

ओळखपत्रावर गावंडेचं गावडे झालंय.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
महिनाभर चालवून घ्या मॅडम, मशीन बंद आहे.
म्हणजे महिनाभर मी एका अनुस्वारानं हलकी.

सहा वर्षं मी गुडघे पाहिले,
डोंबिवलीत, फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
(ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जिना चढून यायचं).
बोलके गुडघे होते.
एकेका वाटीखाली एक सून, एक बदली,
चौऱ्याऐंशी साली हुकलेलं प्रमोशन.
मी शेक द्यायचे, हुंकार द्यायचे,
अर्धं दुखणं त्यातच उतरायचं.

इथं ऐरोलीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या तळहातात मावतील असे पाय
आणि प्रत्येक पायामागं एक जाडजूड फाइल.
कुणी काही सांगत नाही.
भिंतीवर जिराफ, त्याच्या मानेवर सेंटिमीटर.
खिडकीत खाडी; ओहोटीला लांबवर गुलाबी ठिपके,
रोहित असतील, नाहीतर पिशव्या.

ड्रॉवरमध्ये वृंदाताईंच्या अक्षरात
(त्या ऑगस्टमध्ये नाशिकला गेल्या, मुलांना न सांगता)
एक चिठ्ठी:
साबणाचे फुगे संपलेत.
इनायाला मागून हाक मारू नये.
निळा चेंडू बुधवारी कुणालाही देऊ नये.

बुधवारी का, ते लिहिलेलं नाही.
आज बुधवार.

अकरा वाजता दिवा गावातून कवीश मढवी, वय साडेचार,
आजोबांच्या कडेवर.
आजोबा हसुराम; बोटांवर जाळ्याच्या दोऱ्याचे वळ,
चपला दाराबाहेर, देवळात काढतात तशा.
त्यांनी आधी खोली पाहिली, मग मला.
"जुनी बाय नाय का?
याला नवी मानसां नाय आवरत."

मी चटईवर बसले.
आठवडाभर आरशासमोर घोटलेला आवाज काढला.
कापडी बदक काढलं. बदक शिंकलं.
कवीशनं बदकाकडं पाहिलं,
मग माझ्याकडं, गुडघ्यांच्या बाईकडं,
आणि उजवा हात टेकला.
खांदा आला, त्यामागून बरगड्या, मग कंबर,
उथळ पाण्यात होडी वळवावी तसं, थांबत थांबत,
त्यानं मला पाठ दिली.

पूर्ण पाठ. शर्टावर मागं एक डायनोसॉर होता.

आजोबा ओशाळले. "आरं, बायला पाठ दाकवतंस?"
मी फाइल ओढली.
पान नऊ: धड वळवणे, आधाराशिवाय जमत नाही.
तारीख जूनची.
ते वाक्य मी दोनदा वाचलं
आणि चटईला वळसा घालून
त्याच्या तोंडासमोर जाऊन बसले.
त्यानं डावा हात टेकला.

असं नऊ वेळा.
मी बसायचे, तो नाकारायचा.
तिसऱ्या खेपेला आजोबांना कळलं,
मासळीच्या पाट्या मोजाव्यात तसं
त्यांनी मोठ्यानं मोजायला घेतलं.
पाचाला त्यांचा आवाज फुटला,
मग सहाऐवजी परत पाचच म्हणाले.
त्यांच्या हिशेबी आठच झाले.

शेवटी माझ्या पायाला मुंग्या आल्या,
उठायला उशीर झाला.
तेव्हा कवीशनं अर्ध्यात थांबून
मान तिरकी करून पाहिलं
मी येतेय की नाही.

रजिस्टरात 'प्रगती'चा रकाना दीड इंचाचा.
तिथं लिहिलं: पाठ फिरवली. दोन्ही बाजूंनी.
खाली सही, अनुस्वार जरा जास्तच ठळक.

साडेअकराचं मूल आलं नाही.
बाराला इनाया.
मी खुर्ची दारासमोर ओढून घेतली,
तिला समोरूनच दिसेन अशी.