उंबऱ्यांची वही

पुलावरचा आकडा सांगलीत सगळ्यांना पाठ असतो.
सकाळी एकोणतीस फूट, दुपारनंतर बत्तीस,
पानपट्टीवालाही सुटे पैसे देता देता सांगतो.
पण बत्तीस म्हणजे कुणाच्या घरात किती,
हे कुठल्याच फळ्यावर नसतं.

म्हणून मगदूम सर (सर कसले, मीटर वाचायचे वीजमंडळात,
निवृत्त झाले तरी भिंती न्याहाळायची खोड गेली नाही)
भर एप्रिलात मगरमच्छ कॉलनीत शिरले
गवंड्याची नळी घेऊन, नळीत निळीचं पाणी.
मागे आम्ही सहाजणी, खडू, दोनशेपानी वही.

सदतीस : हसीना शिकलगार. शिलाई मशीन.
अडतीसवर चार बोटं : ऐवळे, तीन शेळ्या, एक गाभण.
अंगणवाडी चाळीसला. वजनकाटा आधी हलवायचा.

सुगंधाबाईंनी दार लावून घेतलं.
"लिवू नगा. लिवलं की येतंय."
त्यांची ओळ आम्ही कोरी सोडली.

जूनमध्ये देणगीदारांचा फॉर्म आला.
लाभार्थी किती, प्रशिक्षणं किती, फोटो जोडा.
'इतर' या रकान्यात मी लिहिलं : कोण कुणाला उचलणार.
पुण्याहून फोन आला, हे नीट समजलं नाही.

काम तर तेवढंच होतं.
हसीनाचं मशीन ऐवळ्यांची पोरं नेणार,
ऐवळ्यांच्या शेळ्या मशिदीमागच्या गच्चीवर,
आणि गुडघे गेलेल्या सरांना कुणी धरायचं
यावर अर्धा तास वाद. सर रुसून बसले.

धरणाचे दरवाजे आपल्या हातात नाहीत.
आभाळाचा तर जुना हिशोबच मोडलाय,
महिन्याचं एका रात्रीत ओततं
आणि मग पाठ फिरवून बसतं.
आपल्या हातात नळी. खडू. शेजार.

काल रात्री अकराला कडी वाजली.
पुलावर चौतीस.
दारात सुगंधाबाई, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ,
"माझं किती, बघा की."

सरांनी बॅटरी धरली. खांबावरच्या खुणेपासून
नळी ओढत नेली त्यांच्या दारापर्यंत.
निळं पाणी हेलकावलं, थरथरलं,
थांबलं.
पस्तीस आणि सहा इंच.
ओळ होतीच.

"आन मला उचलनार कोन?"

वहीत पाहायच्या आधीच
हसीनाचा थोरला अंधारात
चपला शोधायला लागला होता.